आधी दगड, मग पातं

लहान जपानी सुरी घ्यायची म्हटलं की लोक मला पहिल्यांदा पोलादाबद्दल विचारतात. कुठलं पोलाद, किती कडक, पात्यावर लाटांची नक्षी हवी की नको. माझं उत्तर बरीच वर्षं एकच आहे: आधी धार लावायचा दगड घ्या. जेवढे पैसे बाजूला काढले असतील त्यातला तिसरा हिस्सा दगडाला द्या आणि उरलेल्यात बसेल ती सुरी घ्या. ऐकणाऱ्याला वाटतं मी प्रश्न टाळतेय. पण माझं रोजचं काम या सुरीवर चालतं आणि ती कशाच्या जोरावर चालते हे मला ठाऊक आहे.

टोकियोच्या पूर्व टोकाला, एदोगावा भागातल्या निशी-कासाईत मी डबे करून देते. 2000 सालाच्या सुमाराला संगणकाच्या कामांसाठी आलेली भारतीय कुटुंबं इथे राहायला लागली. त्यामुळे या भागात कोथिंबीर, कढीपत्ता, भेंडी सहज मिळते आणि घरच्या चवीचा डबा हवा असलेली माणसंही मिळतात. स्वयंपाकघर लहान आहे. मी आणि माझ्यासोबत काम करणारी एक नेपाळी मुलगी, दोघी मावतो इतकंच. कांदा-कोबीचा ढीग नाकिरीवर उतरतो. ही भाजीसाठीची सरळ, रुंद पात्याची सुरी. बाकी सगळं, म्हणजे मिरच्या, आलं, लिंबं, कोथिंबीर, भेंडीची देठं, फरसबीच्या शिरा, बटाट्याचे डोळे, कैरीची साल, हे लहान सुरीचं काम. तिला इथे ‘पेटी नाइफ’ म्हणतात. पाश्चात्त्य धाटणीच्या मोठ्या सुरीची ही धाकटी बहीण, दोन्ही बाजूंनी धार असलेली. दिवसभरात माझ्या हातात सर्वांत जास्त वेळ असते ती हीच.

डबे सकाळी भरून निघतात आणि दुपारी उघडतात. या मधल्या वेळात धारेची परीक्षा होते. बोथट पात्याखाली कोथिंबीर चिरली जात नाही, चेंगरते. पाटावर हिरवं पाणी सुटतं, चिरताना वास घरभर होतो आणि डबा उघडेपर्यंत पानं काळी पडलेली असतात. चांगल्या धारेने चिरलेली कोथिंबीर तेवढ्याच वेळात हिरवी आणि मोकळी राहते. कांद्याचंही तसंच. कांद्याच्या पेशी फुटल्या की त्यातली द्रव्यं एकत्र येतात आणि डोळ्यांना झोंबणारं रसायन तयार होतं. ते तयार करणारं विकर कोणतं, हे हाऊस फूड्स या जपानी कंपनीच्या संशोधकांनी 2002 साली ‘नेचर’मध्ये मांडलं आणि त्याच कामाला 2013 साली इग नोबेल मिळालं. जपानभर घराघरांत शिजणाऱ्या ‘करी’च्या मसालावड्या विकणारी हीच कंपनी. त्यांचं संशोधन वाचलं नसतं तरी माझ्या कामात काही बदललं नसतं, पण शनिवारी लावलेल्या धारेनंतर सोमवारचा कांदा कमी का रडवतो याचं कारण कळलं आणि मला फार बरं वाटलं. पातं जितकं तीक्ष्ण, तितक्या कमी पेशी चिरडतात.

माझा हात तयार झाला तो विळीवर, चिपळूणला. विळीचं पातं जागेवर उभं असतं आणि भाजी फिरते. दोन्ही हात भाजीवर, नजर धारेवर. इथे येऊन पाटावर उभं राहून चिरायची सवय लागायला वेळ गेला, पण लहान सुरीशी मात्र माझं लगेच जमलं. कारण तिचं निम्मं काम पाटावरचं नसतंच, हातातलं असतं. बटाटा सोलताना सुरी उजव्या हातात जवळजवळ स्थिर राहते, अंगठा टेकलेला, आणि डावा हात बटाटा फिरवून पात्यावर आणतो. जपानी स्वयंपाकी लांब पांढरा मुळा सलग पातळ पट्टीत उलगडतात, त्याला कात्सुरामुकी म्हणतात. ती सुरी वेगळी, जड आणि एकाच बाजूने घासलेली, पण तिथेही डाव्या हाताने मुळा फिरवत पात्यावर आणायचा असतो. विळीवर वाढलेल्या हाताला हे शिकवावं लागत नाही.

म्हणून सुरी निवडताना मी आधी हातातलं काम डोळ्यांपुढे आणते. पेटी नाइफ साधारण 120 ते 150 मिलिमीटर पात्याची मिळते. 150 ची सुरी पाटावर फार कामाची. टोमॅटोच्या फोडी, पनीरचे तुकडे एका ओढीत होतात. पण हातात धरून भेंडीचं देठ काढायला लागलं की टोक फार पुढे जातं आणि ते कुठे आहे याचा बोटांना अंदाज राहत नाही. 120 हातात छान, पाटावर आखूड. माझी 135 ची आहे. पात्याची उंची टाचेपाशी जेमतेम 28 मिलिमीटर. एवढ्या कमी उंचीची सुरी पाटाच्या मधोमध चालवली की बोटांचे सांधे पाटावर आपटतात, म्हणून तिने चिरायचं ते पाटाच्या कडेशी, मूठ बाहेर राहील असं. लहान सुरीने घरातलं सगळं चिरायचं, असं मनात असेल तर पेटी घेऊच नये. तिच्याऐवजी 165 किंवा 170 ची सांतोकू, म्हणजे उंच पात्याची सर्वकामी सुरी, घ्यावी. घरात सुरी एकच राहणार असेल तर ती सांतोकू असावी, आणि दुसरी घ्यायची झाली तरच पेटी.

टोकियोत सुरीसाठी लोक कप्पाबाशीला जातात. उएनो आणि असाकुसा यांच्या मधला हा रस्ता म्हणजे हॉटेल-उपाहारगृहांच्या सामानाचा बाजार. कोपऱ्यावरच्या इमारतीवर पांढरी टोपी घातलेल्या आचाऱ्याचं प्रचंड मोठं डोकं बसवलेलं आहे, त्यामुळे चुकायला होत नाही. निशी-कासाईहून तोझाई लाइनने निहोनबाशी, तिथून गिंझा लाइनने तावारामाची, आणि मग पाच-सात मिनिटं चालणं. मी जाते त्या दुकानातले वयस्क गृहस्थ कपाट उघडण्याआधी दोनच गोष्टी विचारतात.

“कुठल्या हाताने चिरता?”

“उजव्या.”

“आणि घरी धार कशावर लावता?”

‘दगडावर’ असं उत्तर आलं तर ते एका कपाटाकडे वळतात आणि ‘लावत नाही’ असं आलं तर दुसऱ्या. मला त्यांची ही पद्धत अगदी पटली. जो माणूस कधीच धार लावणार नाही त्याच्या हाती अतिकडक, महाग सुरी देणं म्हणजे त्या सुरीचं नुकसान करणं, असं ते मानतात.

पोलादाबद्दल आता थोडं सांगते, कारण ते टाळता येत नाही. जपानी सुऱ्यांचं नावाजलेलं पोलाद शिमाने प्रांतातल्या यासुगीचं. कारखान्यात ज्या रंगाचा कागद चिकटवत त्यावरून त्याच्या जाती ओळखल्या जातात: पांढऱ्या कागदाचं, निळ्या कागदाचं. दोन्हींत कार्बन 1 टक्क्याच्या आसपास किंवा वर. निळ्यात क्रोमियम आणि टंगस्टन थोडं मिसळलेलं, म्हणून त्याची धार जास्त टिकते. दगडावर ही पोलादं फार सुखाने घासली जातात. पण ती गंजतात. माझ्या कामात लिंबू आहे, चिंच आहे, कैरी आहे. लिंबू चिरून सुरी पाच मिनिटं तशीच ठेवली की पात्यावर करडे डाग उठतात, आणि नव्या पात्याने चिरलेल्या कांद्याला लोखंडी वास लागतो. आमच्या विळीवर चिरलेली वांगी काळी पडायची म्हणून आई त्या फोडी पाण्यात सोडायची, तीच गोष्ट. हळूहळू पातं काळसर-निळं होतं आणि मग शांत होतं, पण दर वेळी लगेच पुसायची सवय लागतेच. गर्दीच्या वेळी दोघींच्या हातात फिरणाऱ्या सुरीकडून मी तेवढी शिस्त मागत नाही.

दुसऱ्या टोकाला न गंजणारी पोलादं आहेत. फुकुई प्रांतातल्या ताकेफूचं व्हीजी-10 सर्वांत पसरलेलं. 15 टक्के क्रोमियम, थोडं कोबाल्ट. नक्षीदार पात्यांच्या पोटात बहुधा हेच असतं. नक्षी बाहेरच्या मऊ थरांची. भाजीला लागतं ते मधलं पोलाद, त्यामुळे नक्षीचे पैसे हे डोळ्यांसाठी दिलेले पैसे, इतकं समजून द्यावेत. व्हीजी-10 धार छान धरतं, पण घासताना कडेला येणारी धातूची बारीक लव सुटता सुटत नाही. त्याहूनही कडक, धातूच्या भुकटीपासून केलेली पोलादं आहेत. ती महिनोन्‌महिने धार धरतात आणि नंतर ती परत आणायला दगडावर बराच वेळ द्यावा लागतो. मी घेतली ती गिनसान, म्हणजे यासुगीचंच न गंजणारं पोलाद. कार्बन 1 टक्क्याच्या जवळ, क्रोमियम 13-14 टक्के. दगडावर ते जुन्या गंजणाऱ्या पोलादाच्या फार जवळचं वाटतं, आणि मला हवं होतं ते हेच. दगड हातात घेतल्यावर मजा आली पाहिजे, नाहीतर शनिवार टळत जातो.

दुकानात मी पात्यावरचं नाव शेवटी बघते. आधी सुरी डोळ्यांसमोर आडवी धरून पातं सरळ आहे का ते पाहते. मग टाचेकडून आत बघते: धारेच्या लगेच मागे पातं किती जाड आहे. कडकपणाच्या आकड्यापेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं, कारण मागे जाड असलेलं पातं कितीही धार लावा, गाजरात शिरतं आणि गाजर फोडतं, चिरत नाही. पाठीच्या कडा बोटाला टोचतात का तेही बघते. तर्जनी तिथे तासन्‌तास टेकणार असते. मूठ ‘हो’ नावाच्या लाकडाची, म्हणजे तिथल्या मॅग्नोलियाची, हलकी आणि कोरडी. गळ्याशी म्हशीच्या शिंगाचं वेढणं. या लाकडाला तेलरोगण काही नसतं, त्यामुळे ओल्या हातातही घसरत नाही. माझी मात्र आता पिवळी आहे. हळदीचे हात लागून लागून तिच्यात जो रंग भिनलाय तो निघणार नाही, आणि मला तो काढायचाही नाही.

दगडाचं महत्त्व मला नीट कळलं ते साकाईला. ओसाकाच्या दक्षिणेचं हे गाव. पोर्तुगीजांनी तंबाखू आणल्यावर सोळाव्या शतकात इथे तंबाखू कापायच्या सुऱ्या होऊ लागल्या, पुढे एदो काळात शोगुनच्या राजवटीने त्यांच्यावर साकाईचा खास शिक्का मारू दिला. तिथे आजही एक माणूस पूर्ण सुरी करत नाही. लोहार वेगळा, धार काढणारा वेगळा, मूठ बसवणारा वेगळा. लोहाराकडून निघालेलं पातं मी हातात घेतलं. मऊ लोखंड आणि कडक पोलाद सांधलेलं, आकार दिलेलं, पाणी दिलेलं, पण काळं, जाड कडेचं, आणि त्याने केळंही चिरलं नसतं. धारवाल्या कारागिराने ते लाकडी धरणीत बसवून ओल्या, मोठ्या फिरत्या दगडावर टेकवलं, मध्येच उचलून डोळ्यांसमोर धरलं, हातोडीचे दोन हलके ठोके देऊन बाक काढला, परत टेकवलं. असं किती वेळा तरी. पातं किती पातळ होणार, भाजीत कसं शिरणार, हे सगळं तो ठरवत होता. माझ्यासारख्यांच्या पेटी सुऱ्या बहुतेक तयार थरांच्या पत्र्यातून होतात, गिफू प्रांतातल्या सेकीत तर कारखान्यांतून. तरी हे खरं राहतंच की लोहाराचं काम संपतं तिथे सुरी अर्धीच झालेली असते. उरलेली अर्धी दगड करतो. आणि ही अर्धी दर आठवड्याला झिजते, म्हणजे ती दर आठवड्याला मलाच करावी लागते.

दगड एकच घ्यायचा असेल तर 1000 क्रमांकाचा घ्यावा. टवका उडाला तर 400 चा खरखरीत लागतो आणि शेवटी तलम हात फिरवायला 3000 चा. त्यापुढचे 8000 वगैरे मासा कापणाऱ्यांसाठी ठीक. टोमॅटोच्या सालीला थोडी खरबरीत धारच आवडते, अतिगुळगुळीत धार सालीवरून घसरते. जुन्या पद्धतीचा दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा लागतो. काही नव्या दगडांवर नुसतं पाणी शिंपडलं की पुरतं आणि ते भिजत ठेवलेले चालत नाहीत, म्हणून घेतानाच विचारावं. दगडाखाली ओलं फडकं.

लहान सुरीची खरी अडचण कोनाची आहे, आणि ती कुणी सांगत नाही. धारेचा कोन एका बाजूला 15 अंशांच्या आसपास हवा. 28 मिलिमीटर उंचीच्या पात्याला त्यासाठी पाठ दगडापासून साधारण 7 मिलिमीटर उचलावी लागते. त्यात एका मिलिमीटरची चूक झाली की कोन दोन अंशांनी बदलतो. सांतोकूसारख्या उंच पात्यावर तेवढीच चूक सव्वा अंशाची असते. म्हणजे लहान सुरी सोपी वाटते आणि असते अवघड. मी 7 मिलिमीटर जाडीचा लाकडाचा तुकडा करून ठेवलाय. सुरुवातीला तो पाठीखाली धरून कोन हाताला दाखवते, मग बाजूला ठेवते आणि मनगट हलू देत नाही. उजव्या हाताची तर्जनी पाठीवर, डाव्या हाताची दोन-तीन बोटं धारेच्या अगदी जवळ, जिथे दाब द्यायचा तिथेच. टाच, पोट, टोक असं भागाभागाने घासायचं. टोकाकडे पातं वळतं, तिथे मूठ किंचित उचलली नाही तर टोक घासलंच जात नाही. बहुतेक घरगुती सुऱ्यांची टोकं याचमुळे बोथट असतात. दगडावर जमणारा करडा चिखल धुऊन टाकायचा नाही, काम तोच करतो.

किती घासायचं हे मोजायचं नसतं. दुसऱ्या बाजूला अंगठा पाठीकडून धारेकडे, आडवा फिरवून बघायचा (धारेच्या दिशेने कधीच नाही). टाचेपासून टोकापर्यंत सगळीकडे बारीक लव लागली की ती बाजू झाली. मग पातं उलटायचं. शेवटी दाब कमी करत करत, नुसतं सुरीचं वजन ठेवून दोन्ही बाजूंनी हलके हात, आणि मग घडी घातलेल्या वर्तमानपत्रावर पातं मागे ओढायचं. लव राहिली तर सुरी पहिल्या दिवशी चमत्कार करते आणि दुसऱ्या दिवशी बोथट वाटते; लोक पोलादाला दोष देतात, पण दोष या राहिलेल्या लवेचा असतो.

दगडालाही निगा लागते. लहान पातं दगडाच्या मधोमधच फिरतं, तिथे खोलगट होतं, आणि अशा दगडावर सरळ धार येत नाही. पेन्सिलीने दगडावर रेघा मारायच्या आणि सपाट हिऱ्याच्या पट्टीवर रेघा जाईपर्यंत घासायचं. दगड सावलीत वाळवायचा.

बाकी जपणूक अगदी साधी. काम झालं की धुवायची, पुसायची. भांडी धुण्याच्या यंत्रात कधीच नाही. चिरलेलं पाटावरून ओढायचं ते पाठीने, धारेने नाही. पाट लाकडाचा किंवा मऊ रबराचा, काचेचा आणि दगडी मुळीच नको. नारळ, हाड, गोठवलेलं काही हिच्याखाली द्यायचं नाही. आंब्याची कोय किंवा भोपळ्याच्या बिया काढताना सुरी पिळली की टवका उडतो. एवढ्या कडक पात्याला आडवा जोर सोसत नाही. कामावरच्या मुलीला मी पहिल्या आठवड्यात एवढंच शिकवलं. ती म्हणाली, “दिदी, भोपळ्याला तर आमच्याकडे खुकुरी आहे.” तेव्हापासून भोपळा नाकिरीकडेही नाही, जाड जुन्या सुऱ्याकडे जातो. जूनच्या पावसाळ्यात इथली हवा कोकणाइतकीच दमट होते, तेव्हा गंजणाऱ्या सुऱ्यांना कॅमेलियाचं तेल लावतात. चिपळूणला विळीला खोबरेल लावायचो, पण ते इथे थंडीत थिजतं.

सुट्टीला घरी जाताना नातेवाइकांसाठी या सुऱ्या नेते. सामानाच्या बॅगेत, पुठ्ठ्यात गुंडाळून. पण पुण्यात दिलेली पहिली सुरी पुढच्या वेळी पाहिली तेव्हा तिची धार निळसर झालेली होती. दारावरच्या धारवाल्याच्या चाकावर दिली होती. त्या माणसाची यात काही चूक नाही. त्याचं कोरडं, जोरात फिरणारं चाक विळी, कोयता, कात्री यांच्यासाठी आहे आणि तिथे तो उत्तमच काम करतो. या पातळ पात्याची कड मात्र ठिणग्या उडायच्या आत तापते. पाणी दिल्यानंतर ज्या सौम्य उष्णतेवर तिला बसवलेलं असतं त्यापलीकडे ती गेली की तिथला कडकपणा गेला. तो भाग घासून काढून मागचं चांगलं पोलाद गाठणं हाच उपाय. तेवढी पट्टी मी तिथे बसून उतरवली, आणि तेव्हापासून दगडाशिवाय सुरी देत नाही. खंडेनवमीला त्या घरात सुरीशेजारी दगडही पाटावर मांडला जातो, हे मला फार आवडतं.

गेल्या महिन्यात तिथल्या भाचीचा फोन आला.

“मावशी, धार लावली की कागद कापते, पण गाजरात पूर्वीसारखी जात नाही. नवीन घेऊ का?”

“नको. किती वर्षं झाली तिला?”

“पाचेक.”

पाच वर्षांत धार झिजत झिजत पात्याच्या जाड भागापर्यंत वर सरकली होती. मी तिला सांगितलं, पाठ सात नाही, फक्त दोन मिलिमीटर उचल, 400 चा दगड घे, आणि धारेला न लागता तिच्या मागचा खांदा दोन्ही बाजूंनी उतरव. चकाकी जाईल, ओरखडे दिसतील, घाबरू नकोस. खांदा बसला की 1000 वर नेहमीची धार. तिच्याकडे 400 चा नव्हता. तो मी पाठवलाय.